एक्लिप्समध्ये एक्सएमएल संपादनाची साधने कायम हाताशी राहावीत यासाठी

एक्सएमएल, म्हणजे टॅग लावून माहिती मांडण्याची पद्धत. तिची फाइल कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. त्यामुळेच नवशिक्याला हे उशिरा कळते की फाइल उघडली म्हणजे एक्सएमएलची सोय झाली असे नाही. टॅगना रंग आले, तेवढ्यावर समाधान होते. खरी सोय चार कामांत आहे: न मिटलेला टॅग टाइप करतानाच दाखवणे, स्कीमा (कोणता टॅग कुठे चालतो याचे लिखित नियम) पाहून या जागी कोणता टॅग चालेल ते सुचवणे, पूर्ण फाइल स्कीमाच्या नियमांवर तपासणे, आणि मजकुराला धक्का न लावता मांडणी सरळ करणे.

एक्लिप्स हे प्रोग्राम लिहिण्याचे साधन, पण त्याचा मूळ प्लॅटफॉर्म यातले काहीच स्वतः करत नाही. ही कामे करणारा भाग, म्हणजे प्लगइन, वेगळा असतो. त्याची स्वतःची आवृत्ती असते, तो कोणत्या तरी रिपॉझिटरीतून (प्लगइन साठवलेल्या सर्व्हरवरच्या जागेतून) येतो, त्याला ठरावीक जावा लागते, आणि स्कीमाच्या फाइल मिळाल्या तरच त्याचा उपयोग होतो. आवृत्ती, रिपॉझिटरी, जावा आणि स्कीमा यांतली एक गोष्ट जरी हातातून सुटली, तरी काल चालणारे एक्सएमएल आज मुके होते. हा लेख या चार गोष्टी आपल्या ताब्यात कशा ठेवायच्या याबद्दल आहे.

वाचताना एक लक्षात ठेवा. मेनू, कमांड आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. पडद्यावर ती रोमन लिपीत दिसतील, आणि टर्मिनलमध्येही ती रोमन लिपीतच लिहायची आहेत.

आधी हातात काय आहे ते पाहा

हेल्प मेनूत शेवटी अबाउट एक्लिप्स आयडीई आहे. तिथे इन्स्टॉलेशन डिटेल्स हे बटण दाबा आणि इन्स्टॉल्ड सॉफ्टवेअर या टॅबवरच्या शोधचौकटीत एक्सएमएल असे लिहा. ‘एक्लिप्स एक्सएमएल एडिटर्स अँड टूल्स’ दिसले, तर वेब टूल्स प्लॅटफॉर्मचा जुना, मुरलेला एडिटर तुमच्याकडे आहे. काहीच सापडले नाही तर यादीत वाइल्ड वेब डेव्हलपर आहे का ते पाहा. तेही नसेल तर तुम्ही साध्या टेक्स्ट एडिटरवर काम करत आहात.

इथे एक फसवी गोष्ट आहे. एक्लिप्सच्या एसडीकेमध्ये (प्लगइन बनवणाऱ्यांच्या संचात) अँट या बिल्ड साधनाच्या बिल्ड.एक्सएमएल फाइलसाठी आणि प्लगइन.एक्सएमएल फाइलसाठी खास एडिटर असतात. त्यांत सूचना येतात, चुका दिसतात. ते पाहून माणूस समजतो की आपल्या एक्लिप्सला एक्सएमएल कळते. प्रत्यक्षात हे एडिटर त्या एकेका प्रकारच्या फाइलपुरते आहेत. तपासणी नेहमी तिसऱ्याच एखाद्या एक्सएमएल फाइलवर करा: एक टॅग उघडा, तो न मिटवता फाइल सेव्ह करा, लाल खूण येते का ते पाहा.

दोन वाटा, त्यातली एक मुख्य

वेब टूल्स प्लॅटफॉर्म हा प्रकल्प २००४ साली सुरू झाला आणि त्याची १.० आवृत्ती डिसेंबर २००५ मध्ये आली. त्यातला एक्सएमएल एडिटर एक्लिप्सच्या आतच चालतो. खाली डिझाइन आणि सोर्स असे दोन टॅब असतात. एक्सएसडी आणि डीटीडी (स्कीमा लिहिण्याचे दोन प्रकार) लिहिण्याचे एडिटर आणि कॅटलॉगची प्रेफरन्सेसमधली जागाही त्याच्यासोबत येते.

दुसरी वाट लेमिंक्स या लँग्वेज सर्व्हरची. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल २०१६ मध्ये जाहीर झाला. एडिटर एका बाजूला, भाषेची समज असलेला सर्व्हर दुसऱ्या बाजूला, आणि मधे ठरलेले संभाषण, अशी ती रचना आहे. एक्लिप्समध्ये लेमिंक्स वाइल्ड वेब डेव्हलपर या प्लगइनमार्फत येतो आणि फाइल जेनेरिक टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. हाच सर्व्हर व्हीएस कोड या एडिटरमध्ये आणि त्याच्या व्हीएसकोडियम या मुक्त रूपातही चालतो.

कोणती वाट घ्यावी? स्वतः स्कीमा लिहायच्या असतील तर पहिली, कारण एक्सएसडीची रचना चित्ररूपात पाहण्याची सोय नवशिक्याला फार उपयोगी पडते. गटात प्रत्येकाचा एडिटर वेगळा असेल तर दुसरी, म्हणजे सगळ्यांना एकसारख्याच चुका दिसतील. दोन्ही एकत्र नांदू शकतात, पण मुख्य कोण हे ठरवून टाका. नाहीतर एकाच फाइलवर दोन तपासण्या दोन तऱ्हांनी तक्रार करतात आणि कोणती खरी ते कळत नाही.

इन्स्टॉल करणे

सुरुवात एक्लिप्स कुठे ठेवले आहे इथपासून होते. ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या अशा फोल्डरमध्ये असेल जिथे तुम्हाला लिहिण्याची परवानगी नाही, तर तुम्ही टाकलेले प्लगइन होम फोल्डरमधल्या वेगळ्या जागी जातात. मूळ एक्लिप्स अपडेट झाले की त्या जागेशी असलेला दुवा तुटतो आणि एक्सएमएल एडिटर एका रात्रीत गायब झाल्यासारखा वाटतो. म्हणून एक्लिप्सची संकुचित फाइल आपल्या होम फोल्डरमध्येच उलगडा, आणि फोल्डरच्या नावात आवृत्ती लिहा.

आता हेल्प मेनूतून इन्स्टॉल न्यू सॉफ्टवेअर उघडा. वर्क विथ या चौकटीत तुमच्या आवृत्तीची रिपॉझिटरी निवडा. एक्लिप्सच्या आवृत्त्या २०१८-०९ पासून दर तीन महिन्यांनी येतात आणि वर्ष व महिना हेच त्यांचे नाव असते. तुमची आवृत्ती २०२२-०९ असेल, तर डाउनलोड.एक्लिप्स.ऑर्ग या पत्त्याखालच्या रिलीजेस फोल्डरमधली २०२२-०९ हीच रिपॉझिटरी घ्या. तिथेच लेटेस्ट नावाचीही एक रिपॉझिटरी आहे आणि ती मोहात पाडते, पण जुन्या एक्लिप्सला ती जोडू नका. नव्या प्लगइनना नवी जावा लागते. २०२०-०९ पासून एक्लिप्स चालवायला जावा ११ लागते, २०२२-०९ पासून जावा १७. जुन्या घरात नवे प्लगइन बसवायला गेलात, तर ‘कॅनॉट कम्प्लीट द इन्स्टॉल’ असा निरोप येतो आणि त्याखाली गरजांची लांबलचक यादी. त्या यादीतली शेवटची ओळ आधी वाचा. न मिळालेल्या भागाचे नाव बहुतेक वेळा तिथेच असते.

रिपॉझिटरी उघडली की ‘वेब, एक्सएमएल, जावा ईई अँड ओएसजीआय एंटरप्राइज डेव्हलपमेंट’ हा गट उलगडा. त्यात एक्लिप्स एक्सएमएल एडिटर्स अँड टूल्स यावर खूण करा. एक्सएसएलटी (एक्सएमएलचे रूपांतर करणारी भाषा) लिहीत असाल तर एक्लिप्स एक्सएसएल डेव्हलपर टूल्सही घ्या. अख्खा गट निवडण्याचा मोह टाळा: वेब सर्व्हर आणि एंटरप्राइज जावाचे पुष्कळ सामान सोबत येते, आणि प्रत्येक जास्तीचा भाग पुढच्या अपडेटला अडकण्याची एक जागा असतो. लेमिंक्सची वाट घेत असाल तर वाइल्ड वेब डेव्हलपरचा एक्सएमएलपुरता भाग वेगळा निवडता येतो. जावास्क्रिप्ट, सीएसएस वगैरेंच्या भागांना नोड.जेएस लागते, एक्सएमएलला नाही.

यादी रिकामी दिसली तर घाबरू नका. खालच्या ‘ग्रुप आयटम्स बाय कॅटेगरी’वरची खूण काढा, कारण काही रिपॉझिटरी गट न पाडताच ठेवलेल्या असतात. ‘हाइड आयटम्स दॅट आर ऑलरेडी इन्स्टॉल्ड’ ही खूणही पाहा. जे शोधत आहात ते आधीच बसवलेले असेल, तर ते तिथे दिसणारच नाही. शेवटी परवाने स्वीकारा, एक्लिप्स पुन्हा सुरू करा, आणि न मिटलेल्या टॅगची तीच चाचणी पुन्हा घ्या.

फाइल योग्य एडिटरकडे जाते का

.एक्सएमएल शेपटीच्या फाइल आपोआप नव्या एडिटरमध्ये उघडतील. अडचण येते ती आतून एक्सएमएल असलेल्या, पण शेपटी वेगळी असलेल्या फाइलींची. अशा फाइल प्रत्येक प्रकल्पात निघतात.

त्यासाठी विंडो मेनूतून प्रेफरन्सेस उघडा, जनरलखाली कंटेंट टाइप्सवर जा, टेक्स्ट उलगडून त्यातला एक्सएमएल निवडा आणि अॅड दाबून नवी शेपटी लिहा: तारका, टिंब, मग शेपटी. जनरलखालीच एडिटर्स आणि त्यात फाइल असोसिएशन्स अशीही एक जागा आहे. बरेच जण तिथेच बदल करतात आणि मग चुका का दिसत नाहीत म्हणून डोके धरून बसतात. फरक असा: फाइल असोसिएशन्स फक्त ‘कोणत्या खिडकीत उघडायचे’ एवढेच ठरवते. कंटेंट टाइप्स ‘आत काय आहे’ ते सांगते, आणि आत एक्सएमएल आहे हे कळल्यावरच बाकीची साधने त्या फाइलला हात लावतात. म्हणून आधी कंटेंट टाइप्स, आणि गरज उरली तरच फाइल असोसिएशन्स.

हे सगळे करूनही एखादी फाइल हट्टाने साध्या एडिटरमध्येच उघडते. एक्लिप्स प्रत्येक फाइल शेवटी कोणत्या एडिटरमध्ये उघडली होती ते लक्षात ठेवते, म्हणून असे होते. फाइलवर उजवी क्लिक करा, ओपन विथमधून एक्सएमएल एडिटर निवडा, एवढे एकदा केले की पुरे.

स्कीमा आपल्या घरात आणा

एक्सएमएलची साधने ‘असून नसल्यासारखी’ होतात ती बहुतेक वेळा स्कीमामुळे. म्हणून या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

स्कीमा नसेल तर एडिटर फक्त एवढे सांगू शकतो की टॅग नीट उघडले-मिटले आहेत की नाहीत. वेब टूल्सचा एडिटर अशा वेळी ‘नो ग्रामर कन्स्ट्रेंट्स’ असा इशारा देतो. तो इशारा प्रेफरन्सेसमधून बंद करता येतो, पण सुरुवातीला चालूच ठेवा. या फाइलला नियमच मिळालेले नाहीत, हे सांगणारी ती एकमेव खूण आहे. त्याशिवाय लाल रेषा नाहीत म्हणजे सगळे बरोबर आहे, असा गैरसमज होतो.

फाइलला स्कीमा जोडण्याची नेहमीची पद्धत अशी: मूळ टॅगवर एक्सएसआय:स्कीमालोकेशन हा अॅट्रिब्यूट लिहायचा. त्याची किंमत जोड्यांनी असते, आधी नेमस्पेस (टॅगच्या गटाला दिलेले वेगळे नाव) आणि मग जागा सोडून स्कीमाचा पत्ता. दोन जोड्या असतील तर चार शब्द. जोडीतला एक शब्द राहिला की सगळी मोजणी सरकते आणि भलत्याच टॅगवर तक्रार येते. नेमस्पेस नसलेल्या फाइलसाठी एक्सएसआय:नोनेमस्पेसस्कीमालोकेशन वापरायचा, आणि त्यात फक्त पत्ता असतो.

त्या पत्त्याच्या जागी बहुतेक वेळा इंटरनेटवरचा पत्ता असतो. एडिटर मुकाट्याने तिथून स्कीमा आणतो आणि सगळे सुरळीत चालते. मग एक दिवस नेटवर्क नसते, किंवा प्रॉक्सी मधे येते, किंवा तो पत्ता बंद होतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवर असा भार टाकणेही बरे नाही. डब्ल्यू३सी या संस्थेने २००८ साली जाहीर केले होते की डीटीडी आणि स्कीमांसाठी तिच्या सर्व्हरवर दिवसाला १३ कोटींपर्यंत विनंत्या येत होत्या. त्यातल्या बहुतेक अशा प्रोग्रामकडून होत्या, जे तीच न बदलणारी फाइल पुन्हा पुन्हा मागत होते. तेव्हापासून तिथून मिळणारी उत्तरे मुद्दाम सावकाश येऊ शकतात. फाइल उघडताना एडिटर अर्धा मिनिट गोठतो, त्यामागे कधी कधी हेच असते.

उपाय असा. प्रकल्पात स्कीमा नावाचा एक फोल्डर करा. लागणाऱ्या एक्सएसडी फाइल त्यात उतरवा आणि गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टाका. उतरवलेली प्रत्येक एक्सएसडी उघडून तिच्यातले इम्पोर्ट आणि इन्क्लूड हे टॅग वाचा, कारण एक स्कीमा दुसरीला बोलावते, दुसरी तिसरीला. पुष्कळ स्कीमा डब्ल्यू३सीच्या २००१ या फोल्डरमधली एक्सएमएल.एक्सएसडी मागवतात, आणि नेमकी तीच उतरवायची राहून जाते. साखळीतली एक कडी राहिली की ‘एसआरसी-रिझॉल्व्ह: कॅनॉट रिझॉल्व्ह द नेम’ अशी चूक येते. तिचा तुमच्या फाइलशी काही संबंध नसतो.

आता मूळ एक्सएमएल फाइलीतले पत्ते बदलायला जाऊ नका. त्या फाइल दुसऱ्या यंत्रणांकडेही जातात. पत्त्यांचे भाषांतर करणारी सोय म्हणजे एक्सएमएल कॅटलॉग. ओएसिस या संस्थेने त्याची १.१ आवृत्ती २००५ मध्ये प्रमाण म्हणून मान्य केली. स्कीमा फोल्डरमध्ये कॅटलॉग.एक्सएमएल नावाची फाइल करा. तिच्या मूळ कॅटलॉग टॅगला ओएसिसने ठरवलेली कॅटलॉगची नेमस्पेस द्यावी लागते, नाहीतर आतल्या नोंदींकडे कुणी पाहतच नाही. आत तीन प्रकारच्या नोंदी मुख्यतः लागतात. सिस्टम या नोंदीत बाहेरचा पत्ता आणि त्याच्या जागी वापरायची घरातली फाइल. पब्लिक ही नोंद डीटीडीच्या सार्वजनिक नावासाठी. यूआरआय ही नोंद नेमस्पेसवरून थेट फाइल शोधण्यासाठी. घरातल्या फाइलचा पत्ता कॅटलॉगच्या जागेपासून सापेक्ष लिहा, म्हणजे प्रकल्प दुसऱ्या यंत्रावर गेला तरी तो चालतो.

जुळणी अक्षरशः होते. फाइलीत पत्ता एचटीटीपीने सुरू होत असेल आणि कॅटलॉगमध्ये एचटीटीपीएसने, तर ते दोन वेगळे पत्ते. शेवटची तिरपी रेष असणे-नसणे यानेही फरक पडतो. कॅटलॉग ‘चालत नाही’ अशा तक्रारीत पहिल्यांदा हेच तपासा. पत्ता हाताने टाइप करू नका, एक्सएमएल फाइलमधून नक्कल करून चिकटवा.

एक्लिप्सला कॅटलॉग दाखवायचा तो प्रेफरन्सेसमध्ये एक्सएमएलखाली एक्सएमएल कॅटलॉग या पानावर. अॅड दाबा, नेक्स्ट कॅटलॉग हा प्रकार निवडा आणि आपली कॅटलॉग.एक्सएमएल दाखवा. एकेक नोंद हाताने भरण्यापेक्षा हे चांगले, कारण ही सेटिंग वर्कस्पेसमध्ये (एक्लिप्सच्या कामाच्या फोल्डरमध्ये) साठते. नवे वर्कस्पेस उघडले की पान रिकामे. नोंदी गिटमधल्या फाइलीत असतील तर पुन्हा जोडायला एक क्लिक पुरते. चाळीस नोंदी हाताने भरल्या असतील तर अख्खी दुपार जाते. लेमिंक्सकडे यासाठी एक्सएमएल.कॅटलॉग्ज नावाची सेटिंग आहे, तिच्यात कॅटलॉग फाइलचा मार्ग लिहायचा.

हे जमले की नाही, त्याची खरी परीक्षा नेटवर्क तोडून घ्या. पण त्याआधी साठवण रिकामी करा. वेब टूल्स आणलेल्या स्कीमा प्रेफरन्सेसमधल्या जनरल, नेटवर्क कनेक्शन्स, कॅश या पानावर जपून ठेवते. लेमिंक्स होम फोल्डरमधल्या .लेमिंक्स या फोल्डरमध्ये ठेवतो. ही साठवण फसवते: तुमच्या यंत्रावर सगळे चालते, आणि नवीन माणसाच्या यंत्रावर काहीच चालत नाही.

एडिटरच्या बाहेरचा एक तपासनीस

एडिटरवरच सगळा भरवसा ठेवू नका. लिबएक्सएमएल२ या लायब्ररीसोबत एक्सएमएललिंट नावाचे टर्मिनलमधले छोटे साधन येते. डेबियन आणि उबुंटूवर ते लिबएक्सएमएल२-यूटिल्स या पॅकेजमध्ये आहे, फेडोरावर लिबएक्सएमएल२ मध्येच, आणि मॅकओएसमध्ये आधीपासून असते. एक्लिप्स कोसळले, प्लगइन रुसले, तरी याचे काम थांबत नाही.

कमांडचे घटक असे: एक्सएमएललिंट, मग नोआउट, नोनेट आणि स्कीमा हे तीन पर्याय (प्रत्येकाआधी दोन आडव्या रेघा), स्कीमानंतर एक्सएसडीचा मार्ग, आणि शेवटी तपासायची फाइल. नोआउट दिले नाही तर अख्खी फाइल पडद्यावर ओतली जाते आणि चुकीची ओळ त्यात हरवते. नोनेट हा इथला सर्वांत मोलाचा पर्याय आहे: तो इंटरनेटवर जायला मनाई करतो. तो लावून तपासणी पास झाली, याचा अर्थ लागणाऱ्या सगळ्या स्कीमा खरोखर घरात आहेत. एक्सएमएललिंटला आपला कॅटलॉग कळावा म्हणून एक्सएमएल_कॅटलॉग_फाइल्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्याचा मार्ग ठेवा. नाव रोमन मोठ्या अक्षरांत लिहायचे.

चूक सापडली की कमांड शून्याखेरीज आकडा परत करते. म्हणून ती गिटच्या प्री-कमिट हुकमध्ये (बदल नोंदण्याआधी आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये) किंवा बिल्डमध्ये सहज बसते. एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या: लिबएक्सएमएल२ ला एक्सएसडी १.० कळते, २०१२ साली आलेली १.१ कळत नाही. स्कीमात असर्ट हा टॅग दिसला तर ती १.१ ची आहे, आणि मग १.१ जाणणारा जावामधला व्हॅलिडेटर लागेल.

काय बसवले आहे त्याची नोंद

यंत्र बिघडले किंवा गटात नवा माणूस आला, तर तेच साहित्य पुन्हा उभे करता आले पाहिजे. त्यासाठी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट, त्यात इन्स्टॉल, त्यात ‘इन्स्टॉल्ड सॉफ्टवेअर आयटम्स टू फाइल’. यातून .पी२एफ शेपटीची छोटी फाइल मिळते. प्लगइन स्वतः त्या फाइलीत नसतात, त्यांची नावे, आवृत्त्या आणि रिपॉझिटरींचे पत्ते असतात. ती गिटमध्ये ठेवा. नव्या यंत्रावर इम्पोर्ट, इन्स्टॉल, आणि ‘इन्स्टॉल सॉफ्टवेअर आयटम्स फ्रॉम फाइल’.

खिडक्या न उघडता हेच करायचे असेल तर पी२ चे, म्हणजे एक्लिप्सच्या प्लगइन बसवणाऱ्या यंत्रणेचे, डायरेक्टर हे अॅप्लिकेशन आहे. त्याला रिपॉझिटरी, आणि इन्स्टॉलआययू या पर्यायात भागाचे नाव द्यायचे. इथे नवखा माणूस हमखास अडखळतो. एक्सएमएल एडिटरच्या फीचरचे नाव फीचर या शब्दानेच संपते, आणि पी२ ला त्यापुढे आणखी .फीचर.ग्रुप जोडलेले हवे असते. म्हणजे ओआरजी.एक्लिप्स.डब्ल्यूएसटी.एक्सएमएल_यूआय.फीचर.फीचर.ग्रुप. फीचर हा शब्द दोनदा येतो, ती टायपिंगची चूक नव्हे. कमांड चालवताना ते एक्लिप्स बंद ठेवा.

जुन्या आवृत्तीवर बराच काळ राहायचे असेल तर रिपॉझिटरीची प्रत स्वतःकडे करून ठेवा, कारण जुन्या आवृत्त्या कालांतराने मुख्य सर्व्हरवरून आर्काइव्ह सर्व्हरवर हलवल्या जातात आणि पी२एफ फाइलमधला पत्ता निकामी होतो. पी२ मध्ये प्रत करणारी दोन अॅप्लिकेशन आहेत, एक माहितीसाठी आणि एक प्रत्यक्ष फाइलींसाठी. दोन्ही चालवावी लागतात. फक्त पहिले चालवले तर यादी छान दिसते आणि इन्स्टॉल करताना ‘फाइल सापडली नाही’ असे कळते.

अपडेटच्या दिवशी

चालत्या एक्लिप्सवर मोठी आवृत्ती चढवू नका. नवी आवृत्ती शेजारच्या वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडा, तिला वर्कस्पेसची नक्कल द्या, आणि इम्पोर्टमधून ‘फ्रॉम एक्झिस्टिंग इन्स्टॉलेशन’ निवडून जुन्या फोल्डरकडे बोट दाखवा. नक्कल अशासाठी, की नव्या एक्लिप्सने उघडलेले वर्कस्पेस जुन्याने उघडले तर सेटिंग बिघडू शकतात. मग चार चाचण्या घ्या: न मिटलेला टॅग, सूचना, स्कीमाविरुद्धची मुद्दाम केलेली चूक, आणि नेटवर्क तोडून पुन्हा तीच चूक. चारही पास झाल्याशिवाय जुना फोल्डर पुसू नका.

छोट्या अपडेटनंतर बिघडले तर इन्स्टॉलेशन डिटेल्समध्ये इन्स्टॉलेशन हिस्टरी हा टॅब आहे. आधीची तारीख निवडा आणि रिव्हर्ट दाबा. मात्र त्यासाठी जुन्या आवृत्तीचे भाग रिपॉझिटरीत अजून असावे लागतात. स्वतःच्या प्रतीचा उपयोग इथेही होतो.

व्हीएसकोडियम वापरणाऱ्यांसाठी

व्हीएसकोडियममध्ये एक्स्टेन्शन ओपन व्हीएसएक्स या रजिस्ट्रीतून येतात. ती एक्लिप्स फाउंडेशन चालवते. तिथले रेडहॅटचे एक्सएमएल एक्स्टेन्शन घ्या. प्रकल्पाच्या .व्हीएसकोड फोल्डरमधल्या एक्स्टेन्शन्स.जेसन या फाइलीत त्याची शिफारस लिहा, म्हणजे प्रकल्प उघडणाऱ्याला ते बसवायची सूचना आपोआप मिळेल. कॅटलॉगचा मार्ग त्याच फोल्डरमधल्या सेटिंग्ज.जेसन मध्ये. चालणाऱ्या आवृत्तीची .व्हीएसआयएक्स फाइल उतरवून बाजूला ठेवली, तर नेटवर्क नसतानाही ‘इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स’ने ती बसवता येते.

हमखास भेटणारे बिघाड

‘कंटेंट इज नॉट अलाउड इन प्रोलॉग’. फाइलच्या अगदी पहिल्या टॅगच्या आधी काहीतरी आहे. बहुधा चिकटवताना आलेले एखादे अक्षर, किंवा एखाद्या प्रोग्रामला न कळलेली बीओएम ही अदृश्य खूण. एक्सएमएलची घोषणा पहिल्या ओळीच्या पहिल्या अक्षरापासूनच सुरू झाली पाहिजे. तिच्याआधी रिकामी ओळसुद्धा चालत नाही. मात्र रिकाम्या ओळीची चूक वेगळ्या शब्दांत येते: ‘प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शन टार्गेट’ असा तिच्यात उल्लेख असतो.

‘इनव्हॅलिड बाइट १ ऑफ १-बाइट यूटीएफ-८ सिक्वेन्स’. घोषणेत यूटीएफ-८ लिहिले आहे, पण फाइल दुसऱ्याच एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली आहे. घोषणा बदलून पळवाट काढू नका. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट फाइल एन्कोडिंग पाहा, मूळ एन्कोडिंगमध्ये उघडा आणि यूटीएफ-८ म्हणून पुन्हा सेव्ह करा.

‘सीव्हीसी-ईएलटी.१’ आणि पुढे ‘कॅनॉट फाइंड द डिक्लेरेशन ऑफ एलिमेंट’. मूळ टॅगचा नियमच सापडलेला नाही. फाइलमधली नेमस्पेस आणि स्कीमातली टार्गेटनेमस्पेस अक्षरागणिक एकच आहेत का ते पाहा. त्या एकच असतील तर स्कीमा मिळालीच नाही, तेव्हा कॅटलॉगकडे वळा.

मांडणी सरळ केल्यावर मजकूर बिघडला. ज्या टॅगमध्ये मजकूर आणि आतले टॅग मिसळलेले असतात, तिथे एक रिकामी जागासुद्धा मजकुराचा भाग असते. फॉर्मॅटर ओळी तोडतो, नव्या जागा घालतो, आणि दोन शब्दांमधले अंतर बदलते. दस्तऐवजांसारख्या फाइलवर पूर्ण फाइलचे फॉर्मॅट वापरू नका, निवडलेल्या भागापुरतेच वापरा. जिथे जागा जपायच्याच आहेत तिथे एक्सएमएल:स्पेस या अॅट्रिब्यूटला प्रिझर्व्ह ही किंमत द्या.

मोठी फाइल उघडताना एक्लिप्स थिजते. वेब टूल्सचा एडिटर एक्लिप्सच्याच मेमरीत चालतो, म्हणून एक्लिप्स.आयएनआय या फाइलीत एक्सएमएक्सचा आकडा वाढवा, उदाहरणार्थ २०४८एम. प्रत्येक पर्याय स्वतंत्र ओळीवर, आणि एक्सएमएक्स हा व्हीएमआर्ग्ज या ओळीच्या खालीच, कारण त्याखालचे सगळे थेट जावाकडे जाते. जावाचा मार्ग देणारा व्हीएम हा पर्याय मात्र तिच्या वर, आणि मार्ग त्याच्या पुढच्या ओळीवर. लेमिंक्स वेगळी प्रक्रिया म्हणून चालतो, त्याला या आकड्याने काही फरक पडत नाही. व्हीएसकोडियममध्ये त्यासाठी एक्सएमएल.सर्व्हर.व्हीएमआर्ग्ज ही सेटिंग आहे, आणि तीही सर्व्हर जावावर चालत असेल तरच लागू होते.

एडिटर उघडतच नाही, फक्त राखाडी चौकट दिसते. वर्कस्पेसमधल्या .मेटाडेटा फोल्डरात .लॉग नावाची फाइल आहे. तिच्या तळाशी सगळ्यात ताजी नोंद असते. तिथे एखादा भाग ‘रिझॉल्व्ह’ झाला नाही असे दिसले, तर एक्लिप्स एकदा क्लीन हा पर्याय देऊन सुरू करा. त्याने प्लगइनची जुनी साठवण नव्याने बांधली जाते. क्लीन कायमचा एक्लिप्स.आयएनआयमध्ये लिहू नका, प्रत्येक सुरुवात विनाकारण लांबते. तेवढ्यानेही एडिटर उघडला नाही, तर नवे रिकामे वर्कस्पेस उघडून तीच फाइल पाहा. तिथे चालली तर दोष वर्कस्पेसच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेही नाही चालली तर दोष इन्स्टॉलमध्ये आहे, आणि पी२एफ फाइल हाताशी असेल तर नव्या फोल्डरमध्ये ते पुन्हा उभे करणे हाच जवळचा रस्ता.